पाण्यावरची साय

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बायकांची झुंबड उडाली होती. मधोमध कोमट पाण्याचं घमेलं, त्यात घड्या घालणाऱ्या काकूंचे पाय आणि पाण्यावर पांढरीफटक साय!

"बघा, बारा वर्षांचं कोलेस्टेरॉल तळव्यांतून गळतंय!" चरबीबुवा गरजले. "पाळी थांबली की काळजावर लोणी साचतं, माय! गोळ्या फेका, पाय बुडवा!"

बुवांच्या 'शुद्धिवडी'ने आधी पाय चोळायचे आणि न पुसता घमेल्यात सोडायचे, असा नियम. इस्त्रीवाल्या थोरल्या जाऊबाई पुढच्याच नंबरावर होत्या. त्यांच्या धाकट्या जावेचा जीव मात्र टांगणीला लागला. बुवांच्या नादाने थोरलीने महिनाभर कोलेस्टेरॉलची गोळी सोडली होती आणि हल्ली जिना चढताना तिला धाप लागे, जबडा दुखे.

"ताई, आधी दवाखान्यात चला ना."

"अगं, चरबी निघाली की जबडा गप्प बसेल. तुझाही बसवून घे!"

हशा पिकला. धाकटीही हसली, पण नजर सायीवर खिळलेली. कुठं बरं पाहिलीय ही? आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. बोअरच्या जड पाण्यात चादरी धुताना साबणाचा अस्साच थर तरंगायचा. एरवी त्याला शिव्या घालणाऱ्या बायका आज त्यालाच हात जोडून बसल्या होत्या!

तिने शुद्धिवडी रुमालावर खसाखसा घासली आणि रुमाल बुवांच्या पिंपातल्या पाण्याने भरलेल्या ताज्या घमेल्यात बुडवला. साय वर!

"बुवा, माझ्या रुमालाचीही पाळी थांबली वाटतं!"

"अश्रद्धेने पाणी बाटलं!" बुवा ओरडले. तोवर काकूंनी त्यांचं पिंप ढवळलं होतं. तळाशी चुना! वडी साध्या साबणाची. साबणाला चुना भेटला की असाच थर धरतो. बुवांनी पोबारा केला.

धाकटीने थोरलीला तडक दवाखान्यात नेलं. हृदयाचा आलेख पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. हृदयाला रक्त कमी पडतंय. उपचार आजपासून."

"पण दुखत होता जबडा!" थोरली चकित.

"बायकांत पुष्कळदा असंच होतं. जबडा, पाठ, नाहीतर नुसती धाप. पाळी थांबली की एक संप्रेरक घटतं, रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढू शकतं. ते रक्ताच्या तपासणीत कळतं, तळव्यांतून गळत नाही."

थोरलीने गोळी हातात घेतली. "धाकटे, पाणी आण. पिण्याचं!"

बायांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो स्वतः करून पाहा. आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नका.