सर्वांत गरजू मूल

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं मन फार मोठं आहे. इतकं मोठं, की ते घरात मावत नाही. म्हणून दर वर्षी थंडीच्या सुट्ट्या लागल्या की त्या सभागृह भाड्याने घेतात. गरीब मुलांना भेटी द्यायच्या, त्यांच्या आयांना चहा-बिस्किटं द्यायची आणि दोघांचेही फोटो काढायचे, असा तो कार्यक्रम. जाऊबाई मंडळाच्या अध्यक्ष आणि बाकीच्या बायका टाळ्यांना. माझ्याकडे फिती बांधायचं काम असतं. कुणाची निंदा करायची नाही, असा माझा रोजचा नेम आहे, त्यामुळे मी त्यांना हाताशी बरी पडते.

भेटीचं खोकं मोठं हवं, हा जाऊबाईंचा दंडक. आत रंगपेटी आणि चेंडू एवढंच असलं तरी खोकं मुलाच्या हनुवटीला टेकलं पाहिजे. ‘‘देणाऱ्याला दिसायला नको का, आपण किती दिलं ते?’’ असं त्या म्हणतात. उरलेल्या जागेत आम्ही चुरगळलेला कागद भरतो. गरिबांच्या मुलांना कागदाशी खेळायला आवडतं, असंही त्याच म्हणाल्या. त्यांचा अभ्यास आहे.

या सगळ्यात जिवाला ऊब देईल अशी भेट एकच असते. गावात ज्यांना सगळे ‘गादीवाले’ म्हणतात ते कारखानदार दर वर्षी एक लोकरीचा कोट आणतात. जाड, अस्तराचा, टोपीचा. ‘सर्वांत गरजू मूल’ जाऊबाई निवडतात आणि त्याला तो कोट गादीवाले स्वतःच्या हाताने घालतात. घालताना त्यांचे डोळे भरून येतात. जाऊबाई दर वर्षी फोटोवाल्याला बजावतात, ‘‘डोळे भरले की लगेच बटण दाबायचं. नंतर ते नाक शिंकरतात.’’

यंदा निवड झाली होती ती इस्त्रीवालीच्या लेकीची. इस्त्रीवाली आमच्या कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काम करते. नवरा नाही. लेकीला मागच्या थंडीत छातीचं दुखणं झालं, अर्धी शाळा बुडाली. डॉक्टरांनी सांगितलं, औषधापेक्षा हिला ऊब द्या. ऊब काही औषधाच्या दुकानात मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथली किंमत इस्त्रीवालीच्या आवाक्यात नव्हती. पोरगी दोन स्वेटर एकावर एक घालून फिरायची आणि तरी खोकायची. जाऊबाई लाँड्रीत कपडे टाकायला गेल्या, तिथे त्यांनी हे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ‘‘अगदी हवी तश्शी आहे,’’ त्या मला म्हणाल्या. ‘‘खोकतेसुद्धा.’’

घोटाळा झाला तो कार्यक्रमाच्या सकाळी.

इस्त्रीवाली लेकीला घेऊन वेळेच्या आधी आली. सभागृहात बोलावलंय, चार लोकांसमोर जायचंय, म्हणून बाईने काही कमी केलं नव्हतं. लेकीच्या अंगात पांढरा शर्ट, त्याच्या कॉलरला कड अशी, की बोट कापावं. स्कर्टची एकूण एक चूण रांगेत. दोन वेण्या घट्ट, वर फिती. स्वतः इस्त्रीवालीही तशीच. जुनाच पोशाख, पण अंगावर असा बसलेला, की आमच्या मंडळातल्या बायका तिच्या शेजारी नुकत्या झोपेतून उठल्यासारख्या दिसायला लागल्या.

जाऊबाईंनी त्यांना दारातच पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

‘‘अगं, हे काय करून आलीस?’’

‘‘काय झालं, बाई?’’

‘‘ही गरजू दिसते का? ही तर बक्षीस द्यायला आल्यासारखी दिसते! साहेबांना पाझर कसा फुटायचा?’’

‘‘धुतलेले कपडे आहेत बाई, नवे नाहीत.’’

‘‘ते तुला माहीत आणि मला माहीत. फोटोला काय माहीत?’’ जाऊबाई जरा जवळ गेल्या आणि आवाज मऊ केला. त्यांचा आवाज मऊ झाला की मी दूर सरकते. ‘‘एक काम कर. त्या वेण्या सोड. केस थोडे विस्कट. शर्ट बाहेर काढ. आणि हे बघ बाळ, साहेब आले की एकदा खोकशील ना?’’

पोरीने आईकडे पाहिलं. मला वाटलं, आई घालेल खाली मान. कोटाचा प्रश्न होता, पोरीच्या छातीचा प्रश्न होता.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘कोट हवाय. खोटं कशाला बोलू? रात्री हिच्या छातीतला आवाज ऐकून मला झोप लागत नाही. पण सकाळी उठून मी हिचे केस विंचरलेत. ते विस्कटायचं काम मला नाही जमायचं.’’

‘‘मग मी विस्कटते.’’

‘‘नको.’’

एवढंच. आवाज न चढवता. जाऊबाईंना ‘नको’ ऐकायची सवय नाही. त्यांना क्षणभर तो शब्द कोणत्या भाषेतला हेच कळेना. मग त्या म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. गर्व गरजेपेक्षा मोठा असतो काहींचा. तिकडे भिंतीशी उभ्या राहा. कोटाला दुसरं मूल बघते मी. तुला एक खोकं देऊ.’’

माझ्या नेमामुळे मी गप्प राहिले. पण हातातली फीत अशी ओढली, की खोक्याचा कोपराच आत गेला.

दुसरं मूल बघायला जाऊबाई सभागृहभर फिरल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की यंदा सगळ्यांनीच कट केलाय. एकूण एक आई पोराला न्हाऊमाखू घालून, भांग पाडून घेऊन आली होती. एका पोराचे तर बूटसुद्धा चमकत होते. ‘‘लोकांना गरिबीची चाडच राहिली नाही,’’ जाऊबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

तेवढ्यात त्यांची नात आली. आजी भाषणाचा चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. आमची बबडी गुणी आहे हो, पण हल्ली तिची फॅशन निघालीय. जीन्स दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, एका मांडीवर तर जाळीच. टी-शर्ट बापाचा असावा असा, खांद्यावरून घसरलेला. केस म्हणजे चिमण्यांनी सोडून दिलेलं घरटं. ती चष्मा घेऊन दारातून आत शिरली आणि त्याच दारातून तिच्या मागोमाग गादीवाले शिरले.

गादीवाल्यांची नजर त्या गुडघ्यांवर पडली. ते जागच्या जागी थांबले.

‘‘अरेरे,’’ ते म्हणाले. ‘‘इतक्या थंडीत!’’

डोळे भरले. फोटोवाल्याने दाबलं.

‘‘बाळ, जेवलीस का गं सकाळी?’’

‘‘नाही,’’ बबडी म्हणाली. तिला घरचा नाश्ता आवडला नव्हता.

‘‘घरी कोण असतं?’’

‘‘कोणीच नसतं. आजी तर दिवसभर लोकांचीच कामं करत असते.’’

‘‘या वयात! आणि बाबा?’’

‘‘बाबा पण नसतात.’’ बाबा तेव्हा तिसऱ्या दुकानाच्या उद्‌घाटनाला गेले होते, पण तेवढं कोणी विचारलं नाही.

जाऊबाई पुढे झाल्या, ‘‘साहेब, ही...’’ म्हणाल्या, आणि नेमकं त्याच वेळी गादीवाले म्हणाले, ‘‘ज्यांनी या लेकराची ही दशा केली, त्यांना काही लाज असेल का हो?’’

जाऊबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. आता कोणत्या तोंडाने सांगणार, की ती दशा आम्हीच केली आणि दुकानदाराने त्यातून एक पैसाही कमी केला नाही! ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणतात. इथे भांडं मधोमध उभं होतं आणि च्युइंगम चघळत होतं.

गादीवाल्यांनी कोट पिशवीतून काढला. निळा, जाड, गुबगुबीत. चष्म्यावर वाफ धरलेली. बाही कुठली आणि टोपी कुठली हेच त्यांना उमजेना. मदतीसाठी त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मंडळातली जबाबदार बाई म्हणून त्यांच्या डोळ्यांत भरली ती भिंतीशी ताठ उभी असलेली, कडक इस्त्रीतली एकच बाई.

‘‘ताई, जरा येता का? तुमच्या हाताने घाला या पोरीला. तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून हे काम चाललंय.’’

इस्त्रीवालीने कोट हातात घेतला.

सभागृहात सगळे बघत होते. बबडीने निमूटपणे एक हात पुढे केला. तिला वाटलं, कसली तरी तालीम चाललीय. इस्त्रीवालीने कोट झटकला, बाही सरळ केली, आणि लेकीकडे वळून म्हणाली, ‘‘ये.’’

पोरगी आली. आईने तिला कोट घातला. एक बाही, दुसरी बाही, मग बटणं, खालपासून वरपर्यंत, घाई न करता. जाऊबाईंच्या घशातून चहाची किटली उकळावी तसा आवाज आला.

‘‘ताई, अहो चुकलं,’’ गादीवाले म्हणाले. ‘‘त्या गरीब मुलीला.’’

‘‘चुकलं नाही साहेब. कोट हिचाच होता. मी मंडळातली नाही, मी लाँड्रीत इस्त्री करते. ही माझी लेक. बाईंनी हिच्यासाठीच बोलावलं होतं. मग आम्ही नीटनेटक्या आलो म्हणून रद्द झालो.’’

‘‘रद्द?’’ गादीवाल्यांनी डोळे पुसले. ‘‘आणि मग ही बिचारी?’’

बबडी जांभई देऊन म्हणाली, ‘‘आजी, मी जाऊ का? ड्रायव्हरकाका बाहेर थांबलेत.’’

‘आजी’ हा शब्द सभागृहात असा पडला, की बिस्किटं खाणारी पोरंसुद्धा थांबली. गादीवाल्यांनी बबडीच्या नजरेचा माग काढला; तो थेट जाऊबाईंपर्यंत गेला. मग त्यांनी पुन्हा गुडघे पाहिले.

‘‘मग हे फाटलं कसं?’’

‘‘फाटलं नाही काका, असंच विकत मिळतं. जास्त फाटकं जास्त महाग.’’

‘‘माझ्या कारखान्यात गादी उसवली, तर आम्ही ती अर्ध्या किमतीत काढतो,’’ गादीवाले अगदी हळू म्हणाले. आयुष्यभराच्या धंद्याचा कुणीतरी पायाच काढून घेतल्यासारखे ते दिसत होते.

पण आमच्या जाऊबाई म्हणजे काय लेचीपेची बाई नव्हे. दोन श्वासांत सावरल्या. ‘‘मी तेच म्हणणार होते साहेब, तुम्ही बोलूच दिलं नाहीत. हिलाच द्यायचा होता. या, फोटो घेऊ. बाळ, जरा तोंड पाडून उभी राहा बरं.’’

बाळाला ते जमेना. कोटाच्या खिशांना आत मऊ अस्तर होतं, हे तिला नुकतंच कळलं होतं, आणि तोंड पाडायला गेलं की ओठ दोन्ही कानांकडे पळत होते. फोटोवाल्याने तीनदा सांगून पाहिलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘‘बाई, हे छापलं तर साहेब कोट विकतायत असं दिसेल.’’

‘‘मग तिला म्हणावं, कोट काढून ठेव,’’ जाऊबाई मला म्हणाल्या. ‘‘आत केवढं उकडतंय! घरी जाताना घालेल. तोपर्यंत आपण एखादा जुना फोटो...’’

आता हे मी लेकीला सांगायचं होतं. माझा नेम निंदा न करण्याचा आहे, निरोप पोचवण्याचा नाही. मी फितीचं रीळ गुंडाळत बसले.

सांगायची वेळही आली नाही म्हणा. इस्त्रीवालीने गादीवाल्यांना नमस्कार केला, मग जाऊबाईंनाही केला, अगदी रीतसर, आणि म्हणाली, ‘‘येतो बाई. लाँड्री उघडायचीय.’’

‘‘खोकं?’’ जाऊबाई म्हणाल्या. खोकं द्यायचं राहिलं तर मोजणी चुकली असती.

‘‘असू दे. तुमच्या नातीला द्या.’’

आणि लेकीचा हात धरून, घामाने कपाळ डबडबलेलं असतानाही गळ्यापर्यंतचं एकही बटण न सोडणाऱ्या त्या पोरीला घेऊन, ती समोरच्या मोठ्या दाराने बाहेर गारठ्यात निघून गेली.