उजवं पुढचं चाक

माझ्या नवऱ्याला शेंगांच्या टरफलांची भीती वाटते. डोंगरातून चोरटी व्हिस्की घेऊन येताना मागे पोलीस लागले तरी एस्टस शीळ घालत गाडी हाणतो, पण शर्यतीच्या गाडीजवळ कुणी भाजलेली शेंग फोडली की स्वारीचा चेहरा पांढराफटक. हिरवा रंगही तसाच अपशकुनी, आणि बाईचं तर विचारूच नका. ट्रॅकच्या मधल्या मैदानात जिथे गाड्या दुरुस्तीला थांबतात, त्या पिटमध्ये बाईने पाऊल टाकायचं नाही. गाडीच्या सीटला खोळ मी शिवायची, सगळ्यांसाठी कोंबडी मी तळायची, आणि शर्यत मात्र कुंपणाबाहेर फळीवर बसून बघायची. मग मीही खिसा भरून शेंगा नेते आणि तिथे बसून खाते. तिथे कुणाच्या बापाला बोलता येत नाही.

जुलैमध्ये हार्मन टीगच्या गाडीचं उजवं पुढचं चाक तिसऱ्या वळणावर फुटलं आणि गाडी लाकडी कुंपण तोडून पाइनच्या झाडांत घुसली. त्याची बायको लुरा रात्रभर माझ्याजवळ बसली होती. सकाळी चर्चसाठी इस्त्री केलेला त्याचा सदरा हातात धरून मला विचारत होती, "आर्व्हेला, हा मी आता कुठे ठेवू गं?"

"तेव्हा पिटमध्ये कुठली बाई होती रे?" मी माझ्या धाकट्या भावाला, क्लोविसला, विचारलं. आमच्या गाडीचं सगळं तोच बघतो.

"कुणीतरी शेंगा खाल्ल्या असणार," तो म्हणाला. घ्या! यांच्याशी काय डोकं फोडायचं!

ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच, त्यामुळे गाडीचा सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. ते झिजतं आणि फुटतं. म्हणून चालवणाऱ्याच्या पायाजवळ पत्र्याला एक झडप कापलेली असते. साखळी ओढली की झडप उघडते आणि चाक दिसतं. काळ्या रबराखालून पांढरा दोरा डोकावला, की मुकाट्याने पिटमध्ये यायचं. पण त्या झडपेतून लाल मातीही यायची, आणि एस्टसची छाती गिरणीतल्या कापसाने आधीच गेलेली. ऑगस्टमधल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तो खोकून खोकून वाकला, तेव्हा क्लोविसने सरळ त्या भोकावर पत्रा ठोकला.

"अरे, मग त्याला चाक कसं दिसणार?" मी म्हटलं.

"नवा टायर आहे, टिकेल. तू कोंबडी तळ."

मी कोंबडी तळली.

रविवारी ऊन असं होतं की फळीवर बसवत नव्हतं. अर्धी शर्यत झाली तेव्हा एस्टस दुसरा होता, पहिल्या गाडीला अगदी चिकटलेला. गाड्या तिसऱ्या वळणावर आल्या की त्यांची उजवी बाजू आम्हा बाहेरच्यांकडे असते. पिटमधल्या पुरुषांना फक्त डावी बाजू दिसते. धूळ जराशी बसली आणि मला ते दिसलं. काळ्या चाकावर एक पांढरी रेघ फिरत होती. लोक म्हणतील, एवढ्या लांबून कसं दिसलं? अहो, आमच्या गिरणीत मी टायरच्या आतलं कापडच विणते. तो दोरा मी झोपेतही ओळखीन.

मी उभी राहून ओरडले, "एस्टस! आत जा! आत जा रे!"

"बाई, बसा की खाली!" मागचा जाडा म्हणाला. "आम्ही काय तुमची पाठ बघायला आलोय?"

पुढच्या फेरीला रेघ आणखी रुंद दिसली. माझ्या डोळ्यांसमोर लुराच्या हातातला तो सदरा आला. मी उतरले आणि चौथ्या वळणाजवळच्या फाटकाकडे पळत सुटले. फाटकावर म्हातारे गॅडीकाका साखळी धरून बसलेले.

"गॅडीकाका, सोडा मला! एस्टसचं चाक जातंय!"

"पोरी, वेड लागलंय का तुला? बाया आत जात नाहीत."

"मग तुम्ही जाऊन सांगा! पाया पडते तुमच्या!"

"मी फाटक सोडून जाऊ?" त्यांनी मान हलवली. "तुझा नवरा कच्चा आहे का? कळतं त्याला."

कसं कळणार त्याला? बघायचं भोक तर माझ्याच भावाने बुजवलेलं. गॅडीकाकांना ते सांगेपर्यंत एस्टस परत समोरून गेला आणि आता निम्मं चाक पांढरं होतं. तेवढ्यात दुसऱ्या वळणावर कुणाची तरी गाडी गरकन फिरून आडवी झाली. पिवळा झेंडा निघाला, गाड्या हळू झाल्या. मी साखळीखालून वाकले आणि ट्रॅक ओलांडून धावले. मागून गॅडीकाका बोंबलत होते. एक बूट मातीतच राहिला.

मला बघून क्लोविसच्या हातातला पाना पडला. "आर्व्हेला! बाहेर हो! बाहेर हो आधी!"

"उजवं पुढचं चाक पांढरं पडलंय. बोलाव त्याला."

मग त्याला तो पत्रा आठवला असावा, कारण खडूने लिहिलेली 'आत ये'ची पाटी उचलून तो कडेला पळाला. एस्टस हळूहळू समोरून गेला, पाटी बघितली आणि नुसता हात उडवला. आत आला असता तर दुसरा नंबर गेला असता ना! ती आडवी गाडी ओढून नेत होते. एकदा ती बाजूला झाली की हिरवा झेंडा, आणि एस्टस पुन्हा सगळा जोर लावून तिसऱ्या वळणात शिरणार.

"नाही येत तो," क्लोविस रडवेला झाला होता. "काय करू मी?"

दोघा जणांनी माझे दंड धरले. एकाला मी चावले, खोटं कशाला सांगू. सुटले आणि तेलाच्या पिंपावर चढले. सबंध पिटमध्ये सगळ्यांत उंच मी, एका पायात बूट. खिशातल्या शेंगा काढल्या आणि एकेक फोडून टरफलं खाली टाकायला लागले, आमच्याच जागेवर, जिथे गाडी उभी राहते तिथे. बोटांनी लवकर फुटेनात. दातांनी फोडल्या.

"देवा! उतरवा रे तिला!" कुणीतरी ओरडलं.

एस्टस पुढच्या फेरीला अगदी जवळून आला. त्याने मला बघितलं. उरलेल्या सगळ्या शेंगा मी त्याच्या काचेवर फेकल्या.

गाडी पुढे गेली. संपलं, मला वाटलं. संपलं सगळं. तिकडे झेंडेवाल्याने हिरवा झेंडा उचलायला घेतला, आणि तेवढ्यात एस्टसने रांग सोडून गाडी आत वळवली. मला वाचवायला नव्हे, मला बदडायलाच येत होता तो. करकचून ब्रेक मारला, स्टीअरिंग वळवलं, आणि धाड! गाडी उजव्या बाजूला खाली बसली. माणूस चालतो तेवढ्याच वेगात होती.

सगळे गाडीभोवती जमले. मग एक जण म्हणाला, "बघितलं? बाईने पाय ठेवला आणि टायर फुटला."

"आणि वर शेंगा!" दुसरा म्हणाला.

एस्टस खिडकीतून बाहेर पडला आणि शिव्या सुरू झाल्या. माझ्या आईवरून, माझ्या बापावरून, मी जन्मले त्या दिवसावरून. मी पिंपावरून उतरले, त्या टरफलांत बसले आणि रडत रडत म्हटलं, "दे. आणखी दे शिव्या." त्या माणसाचा आवाज इतका गोड मला लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

आठवडाभर तो बोलला नाही. गिरणीत, दुकानात, चर्चच्या पायरीवर सगळ्यांचं एकच, आर्व्हेलाने नवऱ्याची शर्यत घालवली. क्लोविसला खरं माहीत होतं, पण तो बोलेल तर शपथ. मी काही कुणाला समजवायला गेले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी एस्टस न्याहारीच्या पावासारख्या मऊ बिस्किटावर रस्सा ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "आज तिसऱ्या वळणाला बस. तो पिवळा स्वेटर घाल."

"या उन्हात?"

"घाल म्हटलं ना. पांढरं दिसलं तर उभी राहा, मी आत येईन. नाहीतर बसून राहायचं. उगाच उठलीस, तर परत तुझ्याकडे बघणार नाही."

"त्यापेक्षा तो पत्रा काढ की!"

"आणि धूळ खाऊन मरू?" त्याला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "हे क्लोविसला सांगू नकोस."

आता मी दर रविवारी पिवळा स्वेटर घालून तिसऱ्या वळणाला बसते. शेंगा नेत नाही. हिरवा झेंडा पडतो, गाड्या सुटतात, आणि पहिल्याच फेरीला मला उठावंसं वाटतं. मी उठले तर तो येईल, माझ्याजवळ येईल, धडधाकट येईल. पण फक्त एकदाच. म्हणून दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसते आणि डोळ्याची पापणी लवू देत नाही.

"बाई, तुमचा नवरा पहिला आहे!" मागचा जाडा खूश होऊन ओरडतो. "टाळ्या तरी वाजवा!"

मी फळी सोडत नाही.