कोपरापर्यंत हात

अमरावतीच्या बाजारात नत्थुजीचा टाका दुरून ओळखू येई. रुईचा बोजा शिवून झाला की शेवटी तो सुतळीची दुहेरी गाठ मारी. ती गाठ दिसली की अकोल्याचे व्यापारी बोजा उसवून बघत नसत. कारण शिवण्याआधी नत्थुजी बाही सारून कोपरापर्यंत हात आत घाली. मधली रुई कोरडी की ओली, ते त्याच्या बोटांना कळे.

फक्त खुशालरावाने भरलेल्या बोजात तो हात घालत नसे. दोघांची भागी अकरा वर्षांची.

"माह्या बोजात काहून हात घालत नाही रे?" खुशालरावाने एकदा थट्टेने विचारलं होतं.

"घरची भाकर कोणी हुंगून खाते काय?" दाभणात सुतळी ओवत नत्थुजी म्हणाला.

त्या साली दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, म्हणून वऱ्हाडच्या रुईला कधी नव्हे तो भाव आला होता. ओली रुई वजनाला जास्त भरते. खुशालरावाने तीन बोजांच्या पोटात पाणी शिंपडलेली रुई दडपली, वर कोरडी पसरली. नत्थुजीने नेहमीसारखे ते न बघताच शिवले.

अकोल्यात दोघे गाडीवरून माल उतरवत असताना बैलाचं शिंग लागून त्या तीन बोजांतला एक फाटला. आतून आंबूस वाफ आली. वाटेत रुई तापून पिवळी पडली होती.

"नत्थुजी, गाठ तं तुमचीच हाय!" व्यापारी म्हणाला.

नत्थुजीने एकदाच खुशालरावाकडे पाहिलं. खुशालराव बैलाची दोरी सोडायला खाली वाकला.

"गाठ माही, तं चूकही माहीच," नत्थुजी म्हणाला.

त्या दिवशी व्यापाऱ्याने त्याचा प्रत्येक बोजा उसवून पाहिला.

परतताना बडनेऱ्याच्या अलीकडे खुशालरावाला राहवेना. "भाऊ, ते मीच केलं. लालच सुटली मले. जोडा काढून मार, पण बोल. मी अकोल्याले जाऊन खरं सांगतो."

"तिथं उभा होता तवा काहून नाही सांगितलं?" एवढंच बोलून नत्थुजीने बैल हाकले.

भागी मोडली नाही. नत्थुजी ठरल्या वेळी कामावर आला. खुशालरावाने दोन दिवस उन्हात वाळवलेली रुई भरून बोजा त्याच्यापुढे ठेवला.

नत्थुजीने दाभण उचललं, पुन्हा खाली ठेवलं. बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

खुशालराव मान खाली घालून उभा राहिला.

"कोरडी हाय," परक्या माणसाला सांगावं तसं नत्थुजी म्हणाला, आणि शिवायला बसला.