उंबरठ्याचा तह

बेकरीची भट्टी रविवारी दुपारी थंड व्हायची आणि वरच्या खोलीत लढाईच्या गोष्टी सुरू व्हायच्या.

कित्येक वर्षांचा तो शिरस्ता होता. बेकरीवाला या खेळाचा सूत्रधार. अंतराळातलं एक अख्खं जग त्यानं कणीक मळता मळता डोक्यात रचलेलं. बाकीचे त्या जगातली माणसं व्हायचे, त्यांच्या तोंडून बोलायचे आणि नशिबाचा प्रश्न आला की फासे टाकायचे. त्याची बायको एरवी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. इथं मात्र ती पाणक्यांची सरदारीण होती. पाणके म्हणजे धूमकेतूंवरून बर्फ खणून आणणारे, सगळ्या वस्त्यांना पाणी पुरवणारे लोक. त्यांचं हाडवैर खाणकऱ्यांशी. खाणकऱ्यांच्या इंधनावर सगळ्यांची यानं चालत, आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

खाणकऱ्यांचा म्होरक्या होता तिचा धाकटा दीर. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच झाला, पण घरात ‘बारक्या’ नाव पडलं ते पडलंच. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या गणितापासून तापापर्यंत सगळं तिनंच काढलं होतं.

चौथ्या होत्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळे बाई म्हणत. एरवी मुंगीला वळसा घालून जाणाऱ्या या बाई खेळात पाणक्यांच्या सेनापती होत्या, आणि तिथं त्यांना रक्तपाताशिवाय दुसरं काही सुचत नसे.

आदल्या रविवारी बारक्यानं आक्रीत केलं होतं. बर्फाकडे जाणारी एकुलती एक वाट ‘उंबरठा’ नावाच्या तळावरून जायची. तो तळ खाणकऱ्यांनी बळकावला.

“बोला,” सूत्रधार म्हणाला. “पाणक्यांची यानं उंबरठ्यासमोर उभी आहेत. आत हजारो माणसं. लढायचं की बोलायचं?”

“तोफा डागा,” बाई चष्मा पुसत शांतपणे म्हणाल्या.

“बाई, आत लेकरंबाळं आहेत!” सरदारीण म्हणाली.

“मग त्यांच्या आईबापांनी दुसऱ्याच्या दारात ठाण मांडायचं नव्हतं. आज उंबरठा दिलास की उद्या माजघरात शिरतील, लिहून ठेव.”

बाईंचं अगदीच चुकत नव्हतं. तह करावा, तर एकदा बळकावणारा पुन्हा बळकावणार नाही कशावरून? आणि लढावं, तर पाणके जिंकले असते, पण तळ फुटून वाट कायमची बंद झाली असती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं.

“तुझ्या अटी सांग,” ती दिराला म्हणाली.

“दहा वर्षं फुकट पाणी. शस्त्रं खाली ठेवायची. आणि सरदारणीनं स्वतः येऊन माफी मागायची.”

बाईंनी फासे उचललेसुद्धा.

“पाच वर्षं, अर्ध्या भावात. माफीचं सोड,” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं, फुकट. पण दोनच वर्षं.”

“नाही म्हटलं ना.”

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. एका जुनाट दुर्बिणीच्या सौद्यात या माणसानं पूर्वी दोन रविवार खाल्ले होते. घासाघीस हा त्याचा जीव की प्राण. आज मात्र ‘नाही’ म्हणून गप्प. त्याला काही मिळवायचं नव्हतंच. त्याला लढाई हवी होती.

“चहा टाकते,” ती उठली. “बारक्या, कप काढायला चल.”

स्वयंपाकघरात तिनं सरळच विचारलं, “लढाई कशाला हवीय रे तुला?”

“खाणकऱ्यांचा हक्क आहे तो, वहिनी...”

“खाणकरी गेले खड्ड्यात. मी तुला विचारतेय.”

त्यानं कप मांडले, पुन्हा उचलले, पुन्हा मांडले. “नोकरी लागलीय मला. परदेशात. पुढच्या महिन्यात निघायचंय.”

“अगं बाई! मग हे असं सुतकी तोंड करून काय सांगतोस? दादाला सांगितलंस?”

“नाही अजून.” तो खाली बघत म्हणाला, “मी गेल्यावर खेळ अर्धवट पडेल. नाहीतर माझ्या जागी तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवाल. त्यापेक्षा एकदाच काय तो धडाका होऊ दे. माझा माणूस लढता लढता मेला, असं तरी होईल.”

मिठी मारायला तो फार उंच होता, म्हणून तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. “मरायची घाई झालीय मेल्याला! आधी दादाला सांग जा. युद्धाचं मग बघू.”

त्यानं सांगितलं. सूत्रधार बराच वेळ फासे एकावर एक रचत राहिला. मग म्हणाला, “तिथं पाव बरा मिळतो का?” उत्तर न ऐकताच तो खाली गेला आणि कुणी न मागितलेला टोस्टचा ट्रे घेऊन वर आला. “हं,” घसा खाकरून तो म्हणाला. “उंबरठा.”

“माझी सरदारीण एकटी जाते,” ती म्हणाली. “हत्यार न घेता. बोलायला.”

“ही आत्महत्या आहे!” बाई कडाडल्या. “माझा विरोध आहे, सांगून ठेवते.”

सूत्रधार भावाकडे वळला. “म्होरक्या, समोर शत्रू एकटा उभा आहे. इथं फासा नाही. गोळी घालायची की दार उघडायचं, तुझं तू ठरव.”

बारक्यानं टोस्ट चहात बुडवला. तो तुटून कपात पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

“उघडतो,” शेवटी तो म्हणाला. “पण माफी लागेल.”

“कसली? लेखी की तोंडी? चारचौघांत की खासगीत?”

आणि मग जुंपली. संध्याकाळ होईपर्यंत एवढंच ठरलं की उंबरठ्यावर एक आठवडा यांचा पहारा, एक आठवडा त्यांचा. पाण्याचा भाव तसूभर हलला नव्हता. तो एक पाऊल मागं आला की ती नवी खुसपटं काढायची.

“वहिनी, तू मुद्दाम लांबवतेयस,” त्याच्या लक्षात आलं.

“तह म्हणजे काय टोस्ट आहे, बुडवला की झाला? वर्षं जातात त्याला. आणि बोलायला फोन असतात.”

तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

तो गेला. रविवारी टेबलावर साखरेच्या डब्याला टेकून फोन उभा राहू लागला. तिकडे तेव्हा सकाळ असायची. बारक्या दात घासत वाटाघाटी करायचा आणि ऐन मोक्याला त्याचा आवाज तुटायचा. पाण्याचा भाव ठरायला अख्खा हिवाळा गेला. तह झाला तेव्हा बाई सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच रविवारी बारक्या फोनवरून गंभीरपणे म्हणाला, “एक कळवायचं होतं. आमच्या पहाऱ्याच्या आठवड्यात आम्ही उंबरठ्याची कुलपं बदललीत.”



“दगा!” बाई उभ्याच राहिल्या. इतक्या खूश त्या कैक महिन्यांत दिसल्या नव्हत्या. सूत्रधार तोंडावर हात दाबून हसत होता. वहिनीनं दिराला चोर, लबाड, गद्दार, तोंडाला येईल ते म्हणून घेतलं आणि खुर्ची ओढून फोनच्या अगदी जवळ घेतली.

“बाई, तोफा भरून ठेवा,” ती म्हणाली. “पण डागू नका एवढ्यात. आधी मी याच्याशी बोलते.”