सगळे तिशीचे

धाकटीच्या मोबाईलवर सेकंद पळत होते आणि समोर बाबा बसले होते. बाबांच्या हातात त्यांचा स्वतःचा मोबाईल होता आणि त्यात धाकटीनं दोघा वर्गमित्रांबरोबर बनवलेलं रक्तदानाचं अ‍ॅप. कॉलेजचं शेवटचं वर्ष, त्यातला हा प्रकल्प, आणि प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की हे अ‍ॅप सत्तर वर्षांच्या माणसालाही कुणाच्या मदतीशिवाय वापरता येतं. लिहून झालं होतं, आता फक्त तसा माणूस शोधायचा राहिला होता. बाबा अडुसष्ट वर्षांचे होते आणि घरातच होते.

बाबा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला, त्यामुळे एखादी गोष्ट त्यांना पहिल्या झटक्यात पटली असं घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. चहाच्या कपाचा कान छोटा आहे इथपासून त्यांची तक्रार सुरू व्हायची. धाकटीनं मनाची तयारी करून, वहीत 'अडचणी' असा मथळा देऊन दोन कोरी पानं राखून ठेवली होती.

आणि त्या दिवशी बाबांनी नाव, रक्तगट, जन्मतारीख, मागचं रक्तदान, सगळं एक मिनिट चाळीस सेकंदांत भरलं. हूं नाही की चूं नाही. धाकटीनं दोन कोऱ्या पानांवर मिळून एकच ओळ लिहिली, 'ज्येष्ठ नागरिक : अडचण शून्य', आणि ही बातमी बाकीच्या दोघांना सांगायला ती फोन घेऊन गॅलरीत पळाली. बाबा मोबाईलकडे बघत बसून राहिले. ते एवढं काय बघताहेत हे तिनं वाकून पाहिलं असतं तर पुढचा सगळा गोंधळ टळला असता. पण यश मिळालेला माणूस वाकत नाही.

बाकीचे दोघे म्हणजे मोटार आणि वकील. मोटार हा अ‍ॅपच्या पोटातलं सगळं काम करायचा आणि त्याला कायम कुठेतरी पोचायची घाई असायची. वकील ही मुलगी. ती एकाही गोष्टीला वाद घातल्याशिवाय हो म्हणायची नाही. तिच्याच हट्टामुळे रक्तदात्यांची नावं या तिघांनाही दिसत नसत. कुणाच्या रक्ताची माहिती कुणाला कशाला, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिघांना दिसायचे ते फक्त आकडे: किती जण, कुठला गट, काय वय. पडद्यांची मांडणी, रंग, बटणं आणि वाक्यं हे खातं धाकटीचं.

जन्मतारखेचा पडदा तिचा खास लाडका होता. तीन चाकं: दिवसाचं, महिन्याचं, सालाचं. बोटानं फिरवायची. सगळे आकडे भडक नकोत म्हणून सालाचं चाक तिनं फिक्या राखाडी रंगात ठेवलं होतं, फार सुबक दिसायचं ते. आणि लोकांना फार फिरवत बसायला नको म्हणून मोटारनं ते आधीच तीस वर्षांपूर्वीच्या सालावर आणून ठेवलं होतं. रक्तदाता साधारण तिशीचा असतो असा त्याचा अंदाज. एवढी सोय करून ठेवल्याबद्दल दोघांनी एकमेकांची पाठही थोपटली होती.

आता अडलं होतं ते रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंपाशी. त्यांची सही मिळाली तर अ‍ॅप खरोखर वापरात येणार होतं, नाहीतर मार्क मिळवून कपाटात जाणार होतं. धाकटीला मार्क नको होते. म्हणजे हवे होतेच, पण आपण केलेली एखादी गोष्ट खऱ्या माणसांनी वापरावी, ही तिची आयुष्यातली पहिली मोठी इच्छा होती आणि ती तिला झोपेतही सोडत नव्हती. बाईंनी सगळं शांतपणे बघून घेतलं. मग त्या म्हणाल्या की असले उत्साही लोक दरवर्षी येतात, शंभर माणसं पाठवतात, त्यातल्या साठांना परत पाठवावं लागतं. कुणाचं वय बसत नाही, कुणी गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं असतं. त्यांना समजावण्यातच आमची सकाळ जाते.

"वीस माणसं आणा," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत. पण दारातून एकालाही माघारी पाठवावं लागलं, तर मी आपली माझ्या जुन्या वहीवरच बरी."

चाचणीच्या नोंदी पुसून खरी नोंदणी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात चार जणांनी नावं नोंदवली, चौघंही वर्गातले. त्यातल्या दोघांना वकिलानं वादात हरवून आणलं होतं. धाकटीचं जेवणावरून लक्ष उडालं. घरात बाबा रोज विचारायचे, किती झाले, आणि ती रोज म्हणायची, चारच. बाबा मान हलवून फिरायला निघून जायचे.

मग मंगळवारी चाराचे नऊ झाले. बुधवारी पंधरा. गुरुवारी सकाळी बरोब्बर वीस. मोटारनं वयाचा आलेख काढला तर तिशीच्या जागी एकच उंच खांब उभा, बाकी मैदान साफ. नवे आलेले सोळाच्या सोळा तीस वर्षांचे. शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती, पण तिघांना आनंद झाला. वकिलानं तर अहवालात एक परिच्छेद लिहून टाकला की तिशीतली पिढी बेफिकीर असते हा समज या प्रकल्पानं खोटा ठरवला आहे.

शनिवारी सकाळी साडेनऊला तिघं रक्तपेढीत पोचली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडी, वजनकाटा आणि नोंदणीच्या ताईंचं टेबल, आतल्या खोलीत चार खाटा. धाकटीनं दार उघडलं आणि तिला वाटलं, आपण चुकून पेन्शनच्या रांगेत आलो. तिन्ही बाकडी पांढऱ्या केसांनी भरली होती. काही जण उभे होते, दोघांच्या हातात काठ्या. सगळे इस्त्रीचे कपडे घालून, भरपेट न्याहारी करून आले होते, कारण अ‍ॅपनं तसं सांगितलं होतं. प्रत्येकाच्या मोबाईलवर धाकटीनंच लिहिलेलं वाक्य झळकत होतं: 'आपण पात्र आहात. या, आम्ही वाट पाहतोय.'

आणि मधल्या बाकड्यावर, लग्नाकार्यातला शर्ट घालून, बाबा.

ताई एकेकाचं ओळखपत्र बघत होत्या आणि त्यांच्या भुवया वर वर जात होत्या. पासष्टच्या पुढे रक्त घेता येत नाही हा पेढीचा नियम, आणि समोर एकोणसत्तर, सहासष्ट, त्र्याहत्तर अशी रांग. यातला एक तेवढा अठ्ठावन्न वर्षांचा निघाला. सोळाजणांत तोच पात्र, आणि हे कळल्याबरोबर नेमका त्याचाच चेहरा पडला. बाकीच्यांनी तो केवळ पोरगा आहे असं ठरवून त्याला पुढे ढकललं.

हळूहळू उलगडा झाला. सकाळी फिरायला येणाऱ्या बाबांच्या मंडळींना बाबांनी सांगितलं होतं की आता वयाची अट राहिली नाही, आमच्या धाकटीनं नवीन पद्धत काढली आहे. मग बागेतल्या बाकावर बसून एकेकाचा मोबाईल हातात घेऊन त्यांनी स्वतः सगळ्यांचे फॉर्म भरून दिले, आपलाही पुन्हा एकदा भरला. तराजू तपासावेत तसे, एकेक करून. फिक्या राखाडी रंगातलं साल त्यांच्या चष्म्याला शेवटपर्यंत दिसलंच नाही.

आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. धाकटीला तोंड कुठे लपवावं ते कळेना. वकिलानं आयुष्यात पहिल्यांदाच वाद घातला नाही, आणि मोटार जागच्या जागी थांबला. धाकटीच पुढे झाली. चूक पडद्याची आहे, पडदा मी केलाय, या लोकांनी काही खोटं भरलेलं नाही, असं तिनं एका दमात सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आणि पंधरा जणांना आज रक्त देता येणार नाही हे सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं.

झालं, आता म्हातारी मंडळी रागवून उठतील असं धाकटीला वाटलं. ती उठलीच नाहीत. त्यांच्यातले निवृत्त पोस्टमास्तर काका म्हणाले की आलोय तर रिकाम्या हातानं जाणार नाही, आणि त्यांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता. मीटिंगमधल्या एकाचाही जीव जात नाहीये ना, असं विचारून काकांनी त्याला अर्ध्या तासात यायला सांगितलं. हे बघून शेजारच्यांनी सुनेला फोन लावला, त्यांच्या शेजारच्यांनी दोन्ही मुलांना. पाच मिनिटांत खोलीत एवढा कालवा झाला की ताईंना टेबलावर डस्टर आपटावा लागला. कुणी धाक दाखवत होतं, कुणी लाडीगोडी लावत होतं. एकानं तर आपल्याला चक्कर आली आहे असं चक्क खोटं सांगून जावयाला बोलावून घेतलं.

अकरापर्यंत माणसं यायला लागली. धापा टाकत, ऑफिसची ओळखपत्रं गळ्यात तशीच लटकवलेली, बापाच्या नजरेला नजर न देता. एका मुलाला ताईंनी परत पाठवलं, कारण त्यानं तीन आठवड्यांपूर्वी पाठीवर टॅटू काढून घेतला होता. तो घरी कुणाला माहीत नव्हता. बाकी चौदा जणांनी रक्त दिलं. वर्गातले चौघं आणि तो अठ्ठावन्न वर्षांचा पोरगा धरून एकोणीस.

डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी धाकटीला जवळ बोलावलं.

"एखाद्याला नाही म्हटल्यावर तुमचं अ‍ॅप पुढे काय करतं?"

"आभार मानतं," धाकटी म्हणाली. "आणि बंद होतं."

"हे बंद झाले का?" बाई बाकड्यांकडे बघून म्हणाल्या.

मग त्यांनी निकाल सांगितला. अट मोडली, तेव्हा आज सही नाही. पंधरा दिवस आणखी. सालासाठी मोठ्या काळ्या अक्षरांची चौकट हवी, ती चाकं बिकं नकोत. आणि ज्यांना रक्त देता येत नाही त्यांच्यासाठी एक पान वाढवा, त्यावर त्यांना माणसं आणता आली पाहिजेत. अशी वसुली माझ्या वहीला वीस वर्षांत जमली नाही, असं म्हणून त्या आत गेल्या. मोटार ताबडतोब भिंतीला टेकून कामाला लागला. सही मिळाली नाही याचं धाकटीला वाईट वाटायला हवं होतं, पण तिचं लक्ष मधल्या बाकड्याकडे होतं.

सगळ्या खोलीत फोन न लावलेले एकटे बाबाच होते. मोबाईल मांडीवर घेऊन ते बसून होते. धाकटीचा थोरला भाऊ परदेशात, त्याला काही अर्ध्या तासात बोलावता येणार नव्हतं. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. चूक आमची होती, तुम्ही सगळ्यांसमोर तोंडघशी पडलात, असं ती चाचरत म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही वय विचारायचं सोडून दिलंत," बाबा म्हणाले. "बरं वाटलं होतं. तीन वर्षांत मला कुणी 'या' म्हटलं नव्हतं."

तीन महिने ती रक्तदान सोपं करण्यात इतकी बुडाली होती की बाबांचं रक्तदान बंद होऊन तीन वर्षं झाली, आणि ते त्यांना लागलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिला त्याच वेळी कळली आणि तिची तिलाच लाज वाटली. तिनं स्वतः एकदाही रक्त दिलेलं नव्हतं. मोटारनं नाही, वकिलानंही नाही. तिघांपैकी एकालाही ते सुचलं नव्हतं.

बाबांनी मोबाईल उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, शोधून एक नाव दाबलं. धाकटीच्या खिशातला फोन वाजला. दोघांमध्ये हातभराचं अंतर होतं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते, ते समोरच्या भिंतीकडे बघत मोबाईल कानाला लावून बसले होते. तिनं फोन उचलला.

"बोला बाबा."

"कुठे आहेस?"

"इथेच."

"ये."

ती गेली. वजन झालं, बोटाला टोचून झालं, सगळं नियमात बसलं. खाटेवर ती आडवी झाली तेव्हा बाबा आत शिरले आणि कुणी हाकलायच्या आत स्टूल ओढून बसले. चेंडू हळू दाब, दंड ढिला सोड, छताकडे बघ, अशा सूचना त्यांनी सुरू केल्या. तंत्रज्ञ बाई त्यांना जुने रक्तदाते म्हणून ओळखत होत्या, त्यामुळे त्यांनी बोलू दिलं. सुई गेली तेव्हा बाबांनीच डोळे मिटून घेतले.

तंत्रज्ञ बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि धाकटीला विचारलं, "पहिलीच वेळ का?"

ती हो म्हणणार तोच बाबा बोलले, "तिची पहिली. आमच्या घरातली त्रेचाळिसावी."

असलं काही लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. बाईंनी ते समासात लिहून घेतलं.