भिंतीतली इस्त्री

"बघा, दोनशे तीस व्होल्ट," असं म्हणत ठेकेदाराच्या इंजिनियरने मीटर रुग्णालयाच्या साहेबांच्या नाकासमोर धरलं आणि मीटरमास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॉयलरचं बटण बंद होतं. बंद बटणावर लाइन मोजायची आणि लाइन ठणठणीत आहे म्हणायचं, ही मखलाशी मास्तरांना चांगली ठाऊक होती. फार चांगली ठाऊक होती, आणि म्हणूनच त्यांचं डोकं जास्त फिरलं होतं.

मास्तर म्हणजे रुग्णालयाचे वायरमन. खिशात कायम मीटर आणि तोंडात कायम हिशेब, म्हणून सगळे त्यांना मीटरमास्तर म्हणत. आठवड्यापूर्वी धुलाईघरातलं चादरींचं कपाट पेटलं होतं. पाच मिनिटांत आग विझली, कोणाला इजा झाली नाही, तीन महिन्यांपूर्वी ठेकेदाराने टाकलेल्या लाइनवरचा बॉयलरही दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पण खापर फोडायला डोकं हवं होतं आणि ते तासाभरात मिळालं. कपाटाशेजारच्या टेबलावर इस्त्रीवाल्या मावशींची इस्त्री होती. इस्त्री चालू ठेवून मावशी जेवायला गेल्या, असं साहेबांनी लिहून टाकलं. त्या कागदावर आज मावशींची सही झाली की बावीस वर्षांची नोकरी संपणार होती, आणि नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द राहणार होता तो वेगळाच.

मावशी टेबलापाशी हात बांधून उभ्या होत्या. इस्त्री झाली की पिन काढायची, वायर गुंडाळायची आणि पिन इस्त्रीच्या पाठीवर ठेवायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. धुलाईघरात नवीन आलेली प्रत्येक बाई त्याला हसायची आणि महिनाभरात तसंच करायला लागायची. साहेबांना हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण साहेबांनी कोणाला विचारलंच नव्हतं.

"बॉयलर लावा," मास्तर म्हणाले.

इंजिनियर म्हणाला की त्याची काही गरज नाही. मास्तरांनी त्याच्याकडे न बघता बटण दाबलं. बोर्डापाशी मीटर लावलं तर दोनशे तीस. तिथून जळक्या भिंतीला वळसा घालून पलीकडे बॉयलरच्या तोंडाशी गेले आणि तिथे लावलं तर एकशे नव्वद. मग चिमट्याचं मीटर वायरीभोवती धरलं. करंट वीस अँपिअर.

"चाळीस व्होल्ट कुठे गेले?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी खडू घेतला आणि कपाटाच्या काळ्या दारावरच मांडायला घेतलं. चाळीस भागिले वीस, दोन ओहम. या दोन टोकांमध्ये, कपाटामागच्या भिंतीत एक सांधा आहे, धड सांधा असता तर एका ओहमचा शंभरावा भागही निघाला नसता. आता चाळीस गुणिले वीस. आठशे.

"ताई, तुमची इस्त्री किती वॅटची?" बाकी सगळ्यांच्या मावशी या एकट्या मास्तरांच्या ताई होत्या.

"साडेसातशे," मावशी म्हणाल्या. "पाठीवर लिहिलेलं असतं."

"भिंतीत आठशेची आहे, साहेब. तीन महिने चालू आहे. हिची पिन कोणी काढायची?"

साहेबांनी भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग मावशींनी तळवा टेकवला. त्यांचा हात बराच वेळ तिथेच राहिला. उष्णतेची त्यांना सवय होती.

इंजिनियरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने फाइलमधून एक कागद काढला. लाइन तपासली, व्होल्टेज बरोबर, खाली सही. "ही सही कोणाची?"

"माझी," मास्तर म्हणाले.

तीन महिन्यांपूर्वी ती सही केली त्या दिवशी बॉयलर आलाच नव्हता. तोटी बंद असताना पाइप तुंबलाय की नाही हे कळत नाही, तशी रिकामी लाइन सगळ्यांनाच दोनशे तीस दाखवते. हे मास्तर नव्या वायरमनना ओरडून ओरडून शिकवायचे. पण साहेब घाईत होते, सही करून टाका म्हणाले, आणि मास्तरांनी करून टाकली. आठवडाभर त्यांना झोप नव्हती ती ठेकेदारामुळे नव्हे.

साहेबांनी मावशींच्या नावाचा जुना कागद फाडला आणि लगोलग नवा लिहायला घेतला. आगीचं कारण: तांत्रिक बिघाड. मावशी, तुम्ही सुटलात, असं ते वर हसून म्हणाले.

"यात नाव कोणाचं आहे?" मावशींनी विचारलं.

"कोणाचंच नाही. तांत्रिक आहे ते."

"माझं नाव मात्र तासाभरात सापडलं होतं."

साहेब पेनाचं टोपण लावू लागले. मास्तरांनी पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि खाली लिहिलं: भिंतीतला सांधा ठेकेदाराचा, रिकामी लाइन मोजून चाचणीवर सही माझी. पुढे पूर्ण नाव घातलं. साहेब म्हणाले, याने तुमचंच नुकसान होईल. होऊ दे, असं मास्तर चिडून म्हणाले आणि मावशींकडे वळले. त्या काहीतरी बोलतील, निदान मान हलवतील, असं त्यांना वाटलं होतं.

"सही केलीत तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?" मावशींनी विचारलं.

"हो, ताई."

कोपऱ्यात आठवडाभर पडलेली जळकी इस्त्री मावशींनी दोन्ही हातांनी उचलली आणि त्या नव्या कागदावर आणून ठेवली. गुंडाळलेली वायर वितळून एक गोळा झाली होती, आणि पिन इस्त्रीच्या पाठीला चिकटून बसली होती, जिथे रोज ठेवली जायची तिथेच.

मग मावशींनी पदराला हात पुसले आणि धुतलेल्या चादरींचा ढीग ओढून घेतला.