चालू यंत्रावर फोडलेला नारळ

यंत्राची पूजा जरूर करावी, पण चालू यंत्राच्या डोक्यात नारळ घालावा हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय, ते एक मालशेसाहेबच जाणोत. मोहोपाड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात १९८८च्या खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद करून पुजली. कंप्युटर तेवढा साहेबांनी मुद्दाम चालू ठेवायला लावला, पाहुण्यांना हिरवी अक्षरं दिसावीत म्हणून. कंप्युटरवर काम करणारी गोदा दोनदा म्हणाली, "साहेब, आत डिस्क फिरतेय, धक्का लागेल." साहेब म्हणाले, "बाई, देवाच्या कामात आडव्या येऊ नका." आणि त्यांनी त्या पत्र्याच्या खोक्यावरच नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, म्हणून पुन्हा आपटला.

दसरा झाल्यावर गोदाने रक्ततपासणीची फाईल उघडली, तर आतून खट्‌खट्‌ आवाज आला आणि पडद्यावर 'डेटा एरर'. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फाईलमध्ये शिशाची पूड हाताळणाऱ्या एकशे चाळीस माणसांच्या रक्ताचे तीन वर्षांचे आकडे होते. तिन्ही वर्षं रक्तात शिसं जास्त निघालं, तर माणसाला त्या खात्यातून हलवायचं, असा नियम होता. गोदाचा नवरा सदू त्यांतलाच. हल्ली त्याला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. मूळ कागद साहेबांनी कधीच रद्दीत घातले होते, आणि फ्लॉपी महाग म्हणून त्यांचा डबा स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला होता.

"फॉरमॅट मारा," साहेब म्हणाले. "सगळं साफ होईल."

"माणसंही साफ होतील साहेब. मला एक फ्लॉपी द्या. मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

चारचौघांत तमाशा नको म्हणून साहेबांनी फ्लॉपी काढून दिली.

गोदाने डिस्क तपासायचा प्रोग्राम लावला. तो डिस्कचा एकेक तुकडा वाचून बघे आणि खराब निघेल तिथे पडद्यावर खूण करी. तेरा खुणा उमटल्या, सगळ्या एकाच जागी, याच फाईलवर. गोदा मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालत बसली. पाहुण्यांना दाखवायला त्यांनी हीच फाईल उघडी ठेवली होती. डिस्क वाचणारी सुई नेमकी तिथेच होती, म्हणून मारही तिथेच बसला.

मग तिने फाईल फ्लॉपीवर उतरवायला घेतली. यंत्र अडलं की 'पुन्हा वाच' म्हणायचं. एखादा तुकडा दहाव्या खेपेला वाचला जाई, एखादा चाळिसाव्या. बोटं दुखली, पण राग बोटांपेक्षा खमका होता. संध्याकाळपर्यंत बारा तुकडे आले. तेरावा काही केल्या येईना. तो सोडून तिने बाकीची फाईल वाचवली आणि खराब जागांवर फुली मारली, म्हणजे यंत्र तिथे पुन्हा काही लिहिणार नाही. तेराव्या तुकड्यात सहा ओळी होत्या. सहा ओळी म्हणजे सहा माणसं.

"सदूचं नाव आलं ना? मग झालं तर," साहेब म्हणाले. त्यांनी बिघाडाचं रजिस्टर पुढे सरकवलं. त्याची प्रत मुंबईच्या ऑफिसात जायची होती. "कारण लिहा, ऑपरेटरची चूक. उद्याच सदूच्या बदलीवर सही करतो."

"आणि ते सहा जण?"

"त्यांची तीन वर्षं पुन्हा मोजू. आणि नारळाचं काही लिहाल, तर साक्षीदार म्हणून सही कोण करणार?"

गोदाने रजिस्टर पिशवीत घातलं आणि घर गाठलं.

सदू ओटीवर बसला होता. "आलं का गं नाव माजं?"

"आलं. पन माजी चूक हाय असं लिवलं तर तुमची बदली. खरं लिवलं तर नाय."

"गेलं कोन कोन?"

"कमळ्या, गजा, बुधाजी, धाऊ आन ते दोगं खालापूरचे."

"कमळ्याला तर घास पन तोंडात नेता येत नाय." सदूने स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या भाड्याच्या हातात नारळ मीच दिलता. दे ते रजिस्टर हिकडं."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रजिस्टर उघडलं. चालू यंत्रावर कोणी, किती वेळा नारळ आपटला ते गोदाने लिहिलं होतं. त्या सहा जणांचं रक्त याच महिन्यात पुन्हा तपासावं, हेही लिहिलं होतं. याची कार्बनप्रत सकाळच्या टपालानं मुंबईला गेली, हे तिनं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खालच्या रेघोट्यांवर बोट ठेवलं.

"ही साक्षीदाराची सही? ही तर वाचताच येत नाही."

"नाहीच येत," गोदा म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी येत होती. जुनं हजेरीपत्रक काढून बघा."